फुग्याची शाळा

गेल्या वर्षी आषाढात, सातवीच्या वर्गाला पानिपत शिकवीत असताना, माझ्या छातीत कळ आली. दत्ताजी शिंदे बुराडीच्या घाटावर पडले होते आणि मी फळ्यावर खडूने यमुनेची रेघ ओढीत होतो. असा योग मी माझ्या एखाद्या कादंबरीत घातला असता तर संपादकांनी तो नाटकी म्हणून कापला असता. पण तो खराच आला. पोरांनी मला खुर्चीत बसविले, शिपायाने फटफटीवरून जाऊन गावातल्या डॉक्टरांना आणले, आणि दिवेलागणीच्या सुमारास मी शहरातल्या एका इस्पितळात, ज्या थंडगार खोलीला सगळे कॅथ लॅब म्हणतात तिथे, एका अरुंद टेबलावर उताणा पडलो होतो.

या उपचारात रोग्याला झोपवीत नाहीत. मनगट तेवढे बधिर करतात आणि तिथल्या नसेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेतात. म्हणजे आपले शरीर टेबलावर आणि आपले कान मोकळे. एक वयस्क डॉक्टर होते, त्यांच्या डाव्या अंगाला एक तरुण डॉक्टर. दोघांच्या अंगावर शिशाचे जड झगे. पडद्यावर माझ्या हृदयाच्या नसा वठलेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या क्षणभर उमटत आणि विरून जात. काम अर्ध्यावर आले असावे. तेवढ्यात वयस्क डॉक्टर हलकेच म्हणाले, “आता तू घे. घाई करू नकोस.”

आणि हात बदलले.

वाचकहो, खोटे कशाला सांगू, छातीतल्या कळेने मी घाबरलो नव्हतो इतका या पाच-सहा शब्दांनी घाबरलो. वीस-बावीस वर्षे मी मास्तरकी करतो आहे. शिकणाऱ्याचा हात कसा असतो हे मला कोणी सांगायला नको. पहिला ‘श्री’ वाकडा निघतो, दुसरा त्याहून वाकडा. मास्तर पाटी पुसतो आणि पुन्हा काढ म्हणतो. इथे पाटी मीच होतो, आणि ही पाटी पुसून पुन्हा देता येण्यासारखी नव्हती.

तसे काही झाले नाही, म्हणूनच हा लेख लिहितो आहे. पण घरी दीड महिना पडून असताना त्या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. या लोकांना हे कोणी शिकविले? त्यांच्या गुरूंना कोणी? आणि सगळ्यांत पहिला, ज्याला शिकवायला कोणीच नव्हते, त्याने काय केले? मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. वैद्यकातले इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. पण इतिहासाचा नाद जुना आहे. डॉक्टरांनी दिलेली आणि पुण्याहून मागविलेली पुस्तके चाळता चाळता जे हाती लागले ते सांगतो. ही कथा बरीचशी युरोपातली आहे, आणि ती एका तरुणाच्या आडदांडपणापासून सुरू होते.

1929 साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या लहानशा गावातल्या इस्पितळात वेर्नर फोर्समान नावाचा एक पोरगेलासा डॉक्टर उमेदवारी करीत होता. वय पंचविशीचे. त्याच्या डोक्यात एकच वेड होते. हातातल्या शिरेतून एखादी लवचीक नळी सरकवीत हृदयापर्यंत नेता येईल, आणि तिच्यातून औषध थेट हृदयात सोडता येईल. जिवंत माणसाच्या हृदयाला हात लावणे म्हणजे मरणच, असा तेव्हाचा समज. त्याच्या वरिष्ठांनी साफ नकार दिला. तू हा प्रयोग रोग्यावर करणार नाहीस, आणि स्वतःवरही करणार नाहीस.

हत्यारांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे असे. फोर्समानने तिच्याशी गोडीगुलाबीने बोलून तिला आपल्या कल्पनेत ओढले. ती बिचारी इतकी भारावली की प्रयोग माझ्यावरच करा म्हणून टेबलावर जाऊन झोपली. त्याने तिचे हातपाय बांधले, आणि तिची पाठ वळताच स्वतःच्या डाव्या हाताचे कोपर बधिर करून शीर उघडली आणि नळी आत सरकविली. बाई रागावल्या, पण आता इलाज नव्हता. तिला सोडवून तो तिच्यासह, हातातून नळी लोंबत असताना, जिना उतरून तळघरातल्या क्ष-किरणांच्या खोलीत गेला. तिथे एक मित्र नळी उपसायला धावला, त्याला लाथा घालून दूर ठेवावे लागले. समोर आरसा धरायला लावून, पडद्यावरचे स्वतःचेच चित्र पाहत त्याने नळी 65 सेंटिमीटरपर्यंत आत ढकलली. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचली. फोटो काढला. तो फोटो आजही पुस्तकांत छापतात.

या धाडसाचे फळ काय मिळाले? त्याच वर्षाच्या अखेरीस लेख छापून आला, गवगवा झाला. पुढे बर्लिनच्या शारिटे इस्पितळात फेर्डिनांड झाउअरब्रुख या जगप्रसिद्ध शल्यविशारदाच्या हाताखाली तो राहिला. पण असल्या करामती सर्कशीत शोभतात, इस्पितळात नव्हेत, अशा अर्थाचे बोल त्याला ऐकावे लागले असे सांगतात. फोर्समानने ही विद्या सोडली आणि तो मूत्ररोगांचा डॉक्टर झाला. तो नाझी पक्षाचा सभासद होता हेही इथे सांगितले पाहिजे. शूर माणूस सर्व बाबतींत शहाणा असतो असे नाही. त्याचा लेख समुद्रापलीकडे न्यूयॉर्कला आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स या दोघांनी वाचला, आणि 1940 नंतरच्या काळात त्यांनी या नळीचे रीतसर शास्त्र बनविले. 1956 साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा फोर्समान बाट क्रॉयत्सनाख या लहान गावात मूत्राशयाची दुखणी बरी करीत होता.

मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त काय खटकले असेल तर हे, की फोर्समानला ना गुरू मिळाला ना शिष्य. एकट्या माणसाचा पराक्रम त्याच्या देशात त्याच्याबरोबरच आटला. तो तगला तो दोन परक्यांनी तो वाचला म्हणून.

मधली काही वर्षे भराभर ओलांडतो. 1953 साली स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने एक युक्ती छापली. सुई टोचायची, सुईतून तार घालायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण त्यामुळे नस कापून उघडण्याची गरज उरली नाही, आणि आज जगात कुठेही ही नळी घालतात ती याच रीतीने. 1958 साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स याची नळी चुकून भलत्याच जागी गेली आणि हृदयाच्या स्वतःच्या धमनीचे चित्र प्रथमच स्पष्ट दिसले. अडथळा आता दिसू लागला. तो काढायचा कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते.

ते धाडस पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटरने केले, पण हृदयात नव्हे, पायात. 16 जानेवारी 1964 रोजी एका 82 वर्षांच्या बाईच्या पायाच्या तुंबलेल्या धमनीतून त्याने एकावर एक जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. शल्यविशारद पाय कापा म्हणत होते, बाई कापू देत नव्हत्या. पाय वाचला. त्याच्या देशबांधवांनी मात्र त्याला ‘वेडा चार्ली’ ठरविले. डॉटरचे नशीब युरोपात उघडले. आदल्याच वर्षी, 1963 साली, चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी या गावच्या परिषदेत त्याने भाषण केले होते, नळी ही केवळ पाहण्याची वस्तू नाही, ती उद्या सुरीची जागा घेईल म्हणून. लोखंडी पडद्याच्या पलीकडे जाऊन एका अमेरिकनाने हे सांगावे आणि तिथल्या डॉक्टरांनी ते कान देऊन ऐकावे, हे त्या काळात लहान नव्हते. जर्मन डॉक्टरांनी तर त्याच्या नावाचे क्रियापदच केले, ‘डॉटर्न’. त्यांतले एक एबरहार्ट त्साइटलर. एंगेल्सकिर्खेनच्या इस्पितळात ते पायांवर हा उपचार करीत, आणि त्यांच्यापाशी ही रीत शिकायला आलेल्यांत आंद्रेआस ग्रुंट्‌झिग नावाचा एक तरुण होता.

हा ग्रुंट्‌झिग 1939 साली ड्रेस्डेनला जन्मला. बाप लढाईत गेला. आईने पोरांना घेऊन काही काळ अर्जेंटिनात काढला, मग ती लायप्झिगला परतली. पुढे मुलगा पूर्वेतून पश्चिमेत निसटला आणि हायडेलबर्गला डॉक्टर झाला. 1969 साली तो स्वित्झर्लंडात झुरिकला आला. डॉटरची रीत त्याला पटली, पण तिच्यातले वैगुण्यही दिसले. जाड नळी ढकलली की अडथळा बाजूला होतो खरा, पण हृदयाच्या सुतासारख्या धमनीत तेवढी जाड नळी शिरणार कशी? नळी बारीकच राहिली पाहिजे आणि आत पोहोचल्यावर फुगली पाहिजे. म्हणजे फुगा हवा. आणि फुगा असा हवा की ठरलेल्या जाडीपलीकडे फुगणार नाही. रबराचा फुगा जिथे सैल जागा मिळेल तिथे पोट काढतो. कठीण जागी तो काहीच करीत नाही.

इथून पुढची दोन-तीन वर्षे झुरिकमधल्या एका स्वयंपाकघरात गेली. दिवसा इस्पितळ, रात्री टेबलावर नळ्या, दोरे, डिंक, चाकू. मदतीला पत्नी मिखाएला आणि इस्पितळातली सहायिका मारिया श्लुम्फ. त्याने झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक हाइन्रिख होप्फ यांचे दार ठोठावले, आणि पीव्हीसी हे प्लास्टिक त्यांनी सुचविले. आपल्याकडे ज्याचे पाण्याचे पाइप येतात तेच. त्याचा फुगा लांबट, कणखर आणि मापात राहणारा झाला. एका डॉक्टरला रसायनाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाकडे जावेसे वाटले, आणि प्राध्यापकाला त्याला दारातूनच परत पाठवावेसे वाटले नाही. या दोन गोष्टींनी पुढचे सारे घडविले. फेब्रुवारी 1974 मध्ये पायाच्या धमनीत पहिला फुगा फुगला. मग कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाले. 1976 साली मायामीच्या परिषदेत त्याने हे प्रयोग एका भित्तिफलकावर मांडले. बहुतेक लोक पाहून पुढे गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे रिचर्ड मायलर मात्र थांबले. पुढल्या मे महिन्यात मायलर यांच्या गावी, बायपाससाठी छाती उघडलेलीच आहे अशा रोग्यांच्या धमनीत फुगा फुगवून पाहण्यात आला.

आणि 16 सप्टेंबर 1977. झुरिक. रोगी विम्याचा एजंट, वय 38. डॉक्टरचेही वय 38. मुख्य धमनीत एकच आखूड अडथळा. जणू पहिल्या धड्यासाठीच निवडलेला. अशा रोग्यावर नजर ठेवून त्याला ग्रुंट्‌झिगकडे आणणारा कनिष्ठ डॉक्टर बर्नहार्ड मायर हा होता. रोग्याला सगळे सांगितले होते. हे यापूर्वी कोणावर झालेले नाही, बिघडले तर लगेच छाती उघडू. हे बोलणे पोकळ नव्हते. झुरिकचे मुख्य हृदयशल्यविशारद ओके सेनिंग यांनी आपली तुकडी शेजारी सज्ज ठेवली होती. हे सेनिंग म्हणजे स्वीडनमध्ये 1958 साली माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविणारे. हा फुगा यशस्वी झाला तर सगळ्यांत आधी त्यांच्याच धंद्यावर गदा येणार होती, आणि तरीही ते पाठीशी उभे राहिले. माझ्या मते त्या दिवसाचा अर्धा मान त्यांचा आहे. फुगा दोनदा फुगला. हृदय थांबले नाही, आलेखाची रेघसुद्धा बिघडली नाही. पलीकडचा रक्तदाब वाढला. दहा वर्षांनी आणि त्यानंतरही पाहिले तेव्हा ती धमनी उघडीच होती.

त्या नोव्हेंबरात मायामीच्याच परिषदेत त्याने पहिल्या चार रोग्यांची हकीकत सांगितली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. फेब्रुवारी 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्रजी साप्ताहिकात पाच रोग्यांविषयीचे त्याचे छोटेसे पत्र आले. आता माझा मूळ प्रश्न इथे उभा राहतो. विद्या एकाच हातात होती. तिचे आता काय करायचे?

आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांच्या कथा आपण ऐकत आलो. खाँसाहेब दार लावून रियाज करीत, ठेवणीतली चीज परक्याच्या कानी पडू देत नसत. शिष्याने वर्षानुवर्षे हुक्का भरायचा आणि भिंतीला कान लावायचा. विद्या दिली की गेली, ही त्यामागची भीती. ग्रुंट्‌झिगसारख्या मानी माणसाला हा मार्ग मोकळा होता. त्याने उलटे केले. ऑगस्ट 1978 मध्ये त्याने मूठभर डॉक्टरांना झुरिकला बोलाविले. त्यांना एका व्याख्यानगृहात बसविले, आणि आपण शेजारच्या खोलीत खऱ्या रोग्यावर काम करू लागला. त्याचे हात आणि क्ष-किरणांचे चित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसत होते. समोरचे लोक प्रश्न विचारीत, हा काम करता करता उत्तरे देई. आता का थांबलास? हीच नळी का? आणखी एकदा फुगवावे की नाही? झालेल्या कामाची कहाणी सांगणे निराळे आणि होणारे काम दाखविणे निराळे. कहाणीत माणूस आपल्या चुका गाळतो. मी इतिहास शिकवितो आणि कादंबऱ्याही लिहितो, त्यामुळे हे पक्के जाणतो. पडद्यावर गाळायला सवड नसते.

दुसऱ्या बाजूने मात्र त्याने कडी घातली. हे फुगे झुरिकच्या श्नायडर नावाच्या लहान कारखान्यात होऊ लागले होते. ज्याने रीतसर शिक्षण घेतले आहे त्यालाच फुगा विकायचा, असा त्याचा हट्ट. ऊठसूट कोणीही फुगा विकत घेऊन रोग्यावर हात साफ करू लागला तर चार मरतील आणि विद्याच बदनाम होईल, हे त्याला दिसत होते. ज्ञान सर्वांना उघडे, हत्यार मात्र लायकी पाहून. काहींना हा माज वाटला. मला, त्या टेबलावर पडून आलेल्या माणसाला, तो वाटत नाही.

आणखी एक अट होती. केलेल्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेवायची आणि ती एके ठिकाणी जमा करायची; फसलेल्यांचीसुद्धा. 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेने अशी नोंदवहीच उघडली. त्याच वर्षी ग्रुंट्‌झिग आणि सेनिंग यांनी पहिल्या पन्नास रोग्यांचा हिशोब छापला. पन्नासांत 32 जणांना यश, म्हणजे शंभरात 64. पाच जणांना तातडीने बायपास करावे लागले आणि त्यांतल्या तिघांच्या हृदयाला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. आमच्या शाळेच्या वार्षिक अहवालात नापासांचे आकडे कसे लिहितात हे मला ठाऊक आहे, म्हणून हा कागद मी दोनदा वाचला. जगातल्या सर्वोत्तम हाताने लिहिलेले प्रगतिपुस्तक, आणि त्यात शंभरात छत्तीस नापास!

झुरिकचे हे वर्ग 1980पर्यंत भरले. दर वेळी गर्दी वाढत गेली. फ्रँकफुर्टचे मार्टिन काल्टेनबाख तर अगदी आरंभापासून त्याच्या बरोबरीने काम करीत होते. पण झुरिकच्या इस्पितळात त्याला पुरेशा खाटा आणि वेळ मिळेना. घरचे पीक घरात मानवत नाही म्हणतात तसे झाले. 1980 साली तो अटलांटाला एमोरी विद्यापीठात गेला, तिथेही त्याने हेच वर्ग चालविले. एमोरीत त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत केरळचे मॅथ्यू सॅम्युएल कलरिक्कल हे होते. 1986 साली भारतातली पहिली अँजिओप्लास्टी त्यांनी केली. ते 2025च्या एप्रिलमध्ये चेन्नईस वारले. तेव्हा झुरिकच्या स्वयंपाकघरातून निघालेली वाट आपल्या देशात एका मल्याळी माणसाच्या हाताने आली.

गुरूला मात्र ते पाहायला मिळाले नाही. 27 ऑक्टोबर 1985 रोजी वादळी हवेत स्वतःचे लहान विमान चालवीत असता ते कोसळले, आणि ग्रुंट्‌झिग व त्याची दुसरी पत्नी दोघेही गेली. वय शेहेचाळीस. मी टेबलावर पडलो तेव्हा माझेही तेवढेच होते.

फोर्समानच्या बाबतीत जे झाले ते इथे झाले नाही. गुरू गेला तरी विद्या आटली नाही, कारण ती तोवर अनेक गावांत राहायला गेली होती. फुग्याचा एक दोष सगळ्यांना माहीत होता. फुगविलेली धमनी काही वेळा तिथल्या तिथे मिटे, काही वेळा चार-सहा महिन्यांनी आकसे. तिला आतून टेकू द्यावा म्हणून तारेची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, निघाली. मार्च 1986 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला झाक प्युएल यांनी आणि पाठोपाठ लोझानला उलरिख सिगवार्ट यांनी ती माणसाच्या हृदयधमनीत बसविली. जाळी घडविणारा इंजिनियर स्वीडिश, कारखाना स्विस, डॉक्टर एक फ्रेंच आणि एक जर्मन.

पहिली वार्ता उत्साहाची होती. पण त्यानंतर या लोकांनी जे केले ते मला पहिल्या प्रयोगाहून मोठे वाटते. युरोपातल्या सहा केंद्रांनी आपल्या रोग्यांची चित्रे एके ठिकाणी पाठविली आणि ती रॉटरडॅमला पॅट्रिक सेराइस यांच्या चमूने एकाच पट्टीने मोजली. ज्याने काम केले त्याने स्वतःचे गुण स्वतः द्यायचे नाहीत. 1991 साली निकाल छापला. 105 रोग्यांपैकी शंभरी 24 जणांची जाळी रक्ताची गुठळी होऊन पार बंद पडली होती. चौघांत एक! आपल्याच लाडक्या वस्तूविषयी, आपल्याच नावाने, हे जगजाहीर केले. त्या धक्क्यानंतर जाळी जवळजवळ बाद होणार असे वाटले. पण आकडा समोर होता म्हणून त्याचे कारण शोधता आले. मिलानला अंतोनिओ कोलोम्बो यांनी धमनीत इवलासा ध्वनियंत्राचा डोळा घालून पाहिले तेव्हा कळले, की जाळी बाहेरून उघडलेली दिसते पण आतून भिंतीला नीट टेकलेली नसते. ती अधिक दाबाने बसवावी आणि रक्त पातळ करण्याच्या जबर औषधांऐवजी रक्तकणिकांना चिकटू न देणाऱ्या दोन गोळ्या द्याव्यात, हे 1995-96च्या सुमारास मिलान, म्युनिक आणि फ्रान्समधल्या कामातून ठरले. त्यातली गोळी माझ्या उशाशी आहे. ती चुकविली की सौभाग्यवती बोलतात.

मनगटाची वाटही तिकडचीच. आधी ही नळी जांघेतून घालीत. रक्तस्राव होई आणि रोग्याला तासन्‌तास पाय न हलविता पडून राहावे लागे. कॅनडात एकाने मनगटातून नुसती चित्रे काढून दाखविली होती. 1992 साली अ‍ॅम्स्टरडॅमला फेर्दिनांद किमेनाय यांनी तिथून फुगा नेला. शिकायला लोक अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊ लागले. 2002 साली रूआँ या गावी अलँ क्रिबिये यांनी तर छाती न उघडता हृदयाची आख्खी झडप नळीतून बसविली. त्याआधी कित्येक वर्षे तज्ज्ञ त्यांना हे अशक्य म्हणून समजावीत होते. पहिला रोगी काही महिन्यांनी दुसऱ्या कारणांनी दगावला. झडप चालत होती. मग रूआँही शाळा झाली. क्रिबिये 2024 साली गेले.

शाळा म्हटली की मंडळ आले, अभ्यासक्रम आला. तुलूझला झाँ मार्को हे झुरिकच्या धर्तीवर वर्ग भरवीत असत. तो वर्ग पुढे पॅरिसला नेला, आणि आज तिथे मे महिन्यात जी जत्रा भरते तिला हजारो डॉक्टर जातात. 2006 साली या मंडळींची अखिल युरोपीय संघटना युरोपच्या हृदयरोग संस्थेच्या छायेत उभी राहिली. ती तरुणांना परदेशातल्या इस्पितळात शिकायला वेतन देते. 2020 साली तिने शिकणाऱ्याला काय काय यायला हवे याचा अभ्यासक्रमही छापला. या कागदी घडामोडीत मला एकच गोष्ट मनापासून आवडली. 2008-09च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की हृदयविकाराचा झटका आलेल्याला वेळेत फुगा मिळणे हे तो कोणत्या देशात राहतो यावर ठरते. चेक देशात मिळतो. बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस, तुर्कस्तान इथे फार थोड्यांना. तेव्हा त्यांनी केवळ हात शिकविणे सोडून रुग्णवाहिका, टेलिफोन आणि सरकारी खाती यांना शिकवायला घेतले. नस उघडणारा हात गावात असून उपयोग नाही, रोगी त्या हातापर्यंत वेळेत आला पाहिजे. आमच्या शिपायाची फटफटी मला इथे आठवली.

लोकांसमोर काम करून दाखविण्याच्या प्रथेविषयी अलीकडे त्या मंडळींतच वाद आहे. टेबलावरचा रोगी महत्त्वाचा की सभागृहातले प्रेक्षक? झाउअरब्रुख यांनी काढलेला सर्कशीचा शब्द अशा वेळी पुन्हा आठवतो. या वर्गांसाठी आता रोग्याची लेखी संमती आणि कडक नियम आहेत. माझे मत विचाराल तर अशा सभेपुढे मी झोपलो नसतो. पण झुरिकच्या त्या पहिल्या वर्गात जे रोगी झोपले, त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात मला सापडली नाहीत, आणि त्यांच्यावाचून माझ्या मनगटातल्या नळीला कोणी वाट दाखविली असती असे वाटत नाही. यावर माझा निकाल होत नाही.

कार्तिकात पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा धीर करून वयस्क डॉक्टरांना विचारले, “त्या दिवशी जाळी कोणी बसविली?” ते हसले नाहीत की लपविले नाही. म्हणाले, “तार मी नेली. जाळी त्याने बसविली. माझा हात त्याच्या हातावर होता, मास्तर. मला शिकविले ते माझे गुरू दोन वर्षे रॉटरडॅमला होते. तिथे त्यांच्या हातावर कोणाचा तरी होता.” तो तरुण डॉक्टर पलीकडच्या टेबलाशी होता. त्याच्या डाव्या अंगाला आता एक मुलगी उभी होती, शिशाचा झगा तिला खांद्यावर मोठा होत होता. त्याने येऊन माझे मनगट धरले, नाडी पाहिली.

“मास्तर, पानिपत पुरे झाले का?” त्याने विचारले. टेबलावर पडल्या पडल्या भीतीने मी काय काय बडबडलो होतो कोण जाणे.

मी म्हटले, मी रजेवर होतो. बुराडीच्या घाटापासून पुढचे शिंदे मास्तरांनी शिकविले.